नोव्हेंबरचा नारळ

भिलाईच्या कॅम्प-1 मध्ये ज्या बाईचं नवऱ्याशी फाटायचं, तिला लोक वकिलाआधी शकुबाईचं दार दाखवत. वकील पैसे घेतो आणि शकुबाई चहा पाजते, एवढाच फरक. ठसका दोघांचा सारखाच. पोटगी कधी वाढते, कधी उतरते, कधी बंद पडते, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. पुस्तकातून नव्हे. मुलीच्या घटस्फोटाच्या वेळी तीन वर्षं दुर्गच्या कोर्टात हेलपाटे घातले, बाकावर बसून दुसऱ्यांच्या केसेस कान देऊन ऐकल्या, आणि ही विद्या कमावली.

"त्याचा पगार वाढला ना, तं अर्ज करायचा," समोर बसलेल्या बाईला ती बोट नाचवत सांगे. "आपोआप कोणी एक रुपया वाढवत नाई. अन् तो रिटायर झाला तं तोही अर्ज करते, का मले आता झेपत नाई म्हणून. तुले नोकरी लागली, तरी तो धावत जाते कोर्टात. ध्यानात ठेव वो बाई, कागदाशिवाय काहीच हालत नाई. वरही नाई अन् खालीही नाई."

हे सगळं बरोबर होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. शकुबाई चुकली ती फक्त एका ठिकाणी. पण तिथं मात्र पाय रोवून चुकली.

घरात तीन बायका. सदुसष्ट वर्षांची शकुबाई, एक्केचाळीस वर्षांची तिची मुलगी वंदना, आणि वंदनाची अकरावीतली उन्नती. शकुबाईचा नवरा केवलराम पोलादाच्या प्लांटमध्ये रेल मिलला होता. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्याच्या मागे तिला पेन्शन मिळत होती. वंदनाचा नवरा प्रशांत हाही प्लांटमधलाच. तो काही राक्षस नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही. फक्त बायकोकडे तो भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा बघायचा, गरज पडली की. बारा वर्षांपूर्वी वंदना उन्नतीला घेऊन माहेरी आली ती आलीच. कोर्टानं पोटगी ठरवून दिली, आणि एक गोष्ट प्रशांतच्या नावावर लिहायलाच हवी की त्यानं ती एकदाही चुकवली नाही. दर महिन्याच्या सात तारखेला वंदनाच्या फोनवर बँकेचा मेसेज यायचा आणि शकुबाई भाकरी थापता थापता विचारायची, "आला का वं?"

वंदनाही हात बांधून बसलेली नव्हती. सुपेल्यातल्या एका दुकानासाठी ती मोटरसायकलींच्या सीटची कव्हरं शिवायची. रेक्झिन जाड, मशीन जुनं, पाठ दिवसभर वाकलेली. दुकानाच्या शेजारी तेजरामचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. सत्तेचाळीस वर्षांचा, विधुर, बोलायला कंजूस माणूस. एकदा त्यानं वंदनाला कंबर धरून उठताना बघितलं. आठ दिवसांनी लोखंडाचं एक स्टँड घेऊन आला, मशीनखाली सरकवलं, मशीन चार बोटं उंच झालं, आणि तो निघून गेला. वंदनाची पाठ त्या दिवसापासून दुखायची थांबली. आता यानंतर त्या बाईनं आणखी कशाची वाट बघायची होती?

तर हा तेजराम मार्च महिन्यातल्या एका रविवारी इस्त्रीचा सदरा घालून, अर्धा किलो जिलेबी घेऊन शकुबाईच्या दारात उभा राहिला.

"मावशी," तो खुर्चीच्या अगदी टोकाशी बसून म्हणाला, "माह्या मनात वंदनाबद्दल आहे. तिले विचारलं. ती हाव म्हणाली, पण मायले विचारा म्हणाली."

शकुबाईला आनंद मावेना. पण इतक्या लवकर हो म्हटलं तर पोरीची किंमत काय राहिली, म्हणून तिनं चेहरा दगडासारखा ठेवला आणि जिलेबी संपेपर्यंत तो तसाच टिकवला.

तेजराम गेल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. वंदना दाराशीच उभी राहून म्हणाली, "माय, मी अजून पक्कं सांगितलं नाई त्याले. लग्न केलं तं पोटगी बंद होईल ना? माहं सोड. उन्नतीचं का? पुढच्या वर्षी बारावी, मंग तिले नर्सिंग करायचं आहे. तिच्या शिक्षणाचे पैसे बंद होत असतील तं मी लग्न करत नाई. त्याले सरळ नाई म्हणून सांगतो."

"मम्मी, प्लीज यार, मेरे लिए मत रुको," आतून उन्नती ओरडली. ती घरात मराठी बोलायची खरी, पण जीव खालीवर झाला की हिंदीच निघायची.

"तू अभ्यास कर," दोघी एकदमच म्हणाल्या.

वंदनाला शकुबाई ओळखून होती. ही पोरगी बापावर गेलेली. नाही म्हणाली की देव खाली उतरला तरी हलणार नाही. म्हणजे तेजराम गेला, ते चार बोटं उंच झालेलं मशीन तेवढं उरलं. एवढ्यावर शकुबाई गप्प बसणारी नव्हती. आणि मग तिला ती युक्ती सुचली, जिच्यात ती पाय रोवून चुकली.

"लग्न करतेच कशाले? पाट लावू."

"पाट म्हणजे लग्नच ना माय?"

"कोण म्हणते? पाट म्हणजे लग्न नोय! मले शिकवतेस? मी पाटाची बायको आहे."

ते खरं होतं. शकुबाईचं माहेर आमगावकडचं, शेती करणारं घर. एकोणिसाव्या वर्षी तिचं पहिलं लग्न झालं आणि आठ महिन्यांत नवरा साप चावून गेला. दोन वर्षांनी भिलाईत नोकरीला लागलेल्या केवलरामनं तिला मागणी घातली, आणि त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे पाट लागला. मांडव नाही, वाजंत्री नाही, अक्षता नाहीत. दिवेलागणीनंतर चार माणसं, दोन पाट, केवलरामनं तिच्या हातात चुडी घातली, कपाळी कुंकू लावलं, आणि झालं. नवरीचं तोंड सकाळी कोणाला दिसू नये म्हणून उजाडायच्या आत गाडीत बसवलं. बाईला एकदाच लग्न, पुढचा तो पाट, असं सगळे म्हणायचे. तीही तेच म्हणायची.

आणि म्हणायची तरी कशी नाही? थोरल्या जावेच्या मुलीच्या लग्नात शकुबाईनं पहाटेपासून पाट्यावर हळद वाटली. हात कोपरापर्यंत पिवळे. ती वाटी उचलून नवरीकडे निघाली तशी जाऊ पुढे आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "शकू, तू राहू दे. पाटाच्या बाईचा हात नाई लागत हळदीले." वाटी तिच्या हातातून काढून घेतली गेली. केवलरामनं मांडवातून ते बघितलं. त्या दिवशी तो भरल्या पानावरून उठला आणि बायकोला घेऊन भिलाईची गाडी पकडली. शकुबाई गाडीत रडली ती अपमानापेक्षा त्याच्या उपाशी पोटासाठी जास्त.

आता त्याच अपमानाचा तिला उपयोग करायचा होता. पाट लग्न नव्हे ना? मग पोटगी कशी बंद होईल? यात लबाडी आहे असं तिच्या मनाला शिवलंही नाही. अख्ख्या समाजानं जे तिला चाळीस वर्षं ऐकवलं, तेच ती कोर्टाला ऐकवणार होती.

पण याच पाटाची दुसरी एक गोष्ट होती आणि ती तिनं जिवंत माणसाला सांगितलेली नव्हती. दर नोव्हेंबरात ती सिव्हिक सेंटरच्या बँकेत जिवंत असल्याचा दाखला द्यायला जायची. अंगठा मशीनवर ठेवायचा, आणि मग काउंटरमागचा बाबू विचारायचा, "अम्मा, पुनर्विवाह तो नहीं किया?" शकुबाई "नहीं" म्हणायची आणि बाबूची नजर चुकवायची. कारण केला होता ना! केवलरामशी जे झालं तो पुनर्विवाह नव्हता तर काय होता? आणि ते लग्न नाही म्हणावं, तर ती केवलरामची बायको कुठली आणि पेन्शन कुठली? लग्न नाही म्हणून जाईल, नाहीतर दुसरं लग्न म्हणून जाईल. दोन्हीकडून फासच. म्हणून दर वर्षी खोटं बोलून झालं की ती रस्त्यात एक नारळ घ्यायची, मारुतीपुढे फोडायची आणि म्हणायची, देवा, एवढं पोटासाठी खपवून घे. असे अकरा नारळ झाले होते.

"तू म्हणशील तसं," वंदना शेवटी म्हणाली. "पण आधी अनुजाताईले विचारू. त्या हाव म्हणाल्या तं माहीही ना नाई."

"विचार ना! मी येतो संगं. पाहू तिच्या पुस्तकात का लिहून आहे तं."

अनुजा मोडक ही वंदनाची केस लढवलेली वकील. दुर्गच्या जुन्या मराठी घरातली, पन्नाशीची, बोलणं पुस्तकी पण मन साफ. तिचं ऑफिस सुपेल्यात, कूलरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. मार्च लागला की खालून पत्रे ठोकण्याचा आवाज सुरू व्हायचा आणि अनुजाताई अर्धा कायदा ओरडूनच सांगायची.

शकुबाईनं खुर्चीत बसकण मारली, पदर सारखा केला आणि आपला मुद्दा असा मांडला की कोर्टातल्या वकिलानंही मान डोलवावी. मांडव नाही. वाजंत्री नाही. सप्तपदी नाही. हळद नाही. "मंग लग्न कुठी झालं? मी स्वतः साक्षीदार आहे. माहा स्वतःचा पाट आहे. चाळीस वर्षांत एका माणसानं त्याले लग्न म्हटलं नाई. लिहून देतो पायजे तं."

अनुजाताईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. खाली एक पत्रा ठोकून संपला तेव्हा तिनं विचारलं, "काकू, पाट लागल्यावर तुमच्या गावानं तुम्हाला केवलरामांची बायको मानलं की नाही?"

"मानलं ना. नाई तं का असेच राहिलो?"

"मुलं झाली ती त्यांच्या नावाची?"

"का बोलून राहिली बाई!" शकुबाई उसळली. "मंग कोणाच्या नावाची?"

"मग ते लग्नच," अनुजाताई म्हणाली. "कायदा मांडव मोजत नाही काकू. तुमच्या समाजात नवरा-बायको होण्याची जी रीत चालत आलेली आहे, ती रीत झाली की लग्न झालं. सप्तपदीची रीत असेल तर सप्तपदी, पाटाची असेल तर पाट. यात वरचं लग्न आणि खालचं लग्न असं काही नसतं. वंदनानं पाट लावला, तर त्या दिवसापासून ती तेजरामची लग्नाची बायको."

खाली पुन्हा ठोकाठोकी सुरू झाली.

वंदना मात्र पैशांवरच अडकलेली होती. "म्हणजे पोटगी बंद," ती म्हणाली, आणि पर्स उचलायला लागली.

"थांब. ऑर्डर आणलीस का?"

वंदनानं पिशवीतून कागद काढला. नऊ वर्षं तो लोखंडी पेटीत साड्यांखाली होता. मेसेजवर एकच आकडा यायचा आणि त्या एकच आकडा समजून चालल्या होत्या. अनुजाताईनं बोट ठेवून दाखवलं. दोन ओळी होत्या. एक वंदनाची, एक उन्नतीची.

"ही तुझी. तू लग्न केलंस की प्रशांत कोर्टात अर्ज करू शकतो, आणि कोर्ट ही रद्द करतं. आपोआप नाही, अर्जावर. तुझी आई सांगते ते तिथं बरोबर आहे."

शकुबाईनं एरवी या वाक्यावर चारचौघांकडे बघून घेतलं असतं. आज तिनं ते ऐकलंच नाही.

"लपवून घेत राहिलीस तर घेतलेले परत मागेल तो, आणि मान खाली जाईल ते वेगळंच. तेव्हा आपणच अर्ज देऊ, लग्नाआधी. आणि ही दुसरी ओळ उन्नतीची. आईनं लग्न केलं म्हणून बाप मिटत नाही. ही चालूच राहणार. उलट हे ठरलं तेव्हा ती सात वर्षांची होती. आता कॉलेजचा खर्च येईल, हिच्यात वाढ मागता येईल. ती शिकते आहे, लग्न झालेलं नाही, स्वतःच्या पायावर नाही, तोवर हक्क आहे तिचा."

वंदना त्या दुसऱ्या ओळीकडे बघत राहिली. मग तिनं तो कागद छातीशी धरला आणि हसली, अशी की वकीलबाईंनाही हसू आलं. तिची स्वतःची ओळ गेली तर गेली. दोन हात होते, उंच झालेलं मशीन होतं, आणि तेजराम होता.

"माय, झालं ना! चाल."

पण शकुबाई उठेना. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती, आणि तिचा आवाज इतका खाली आला होता की अनुजाताईला पुढे वाकावं लागलं.

"मंग बाई... माह्या पेन्शनचं कसं?"

"काय कसं?"

आणि अकरा नारळ एका दमात बाहेर पडले. बँक, अंगठा, बाबू, पुनर्विवाह, मारुती. "मी अकरा वर्ष खोटं बोलून राहिली," शकुबाई म्हणाली. "आता पकडतील का मले? पाट लग्न आहे म्हणता, मंग मी दुसरं लग्न केलं ना! दर साल तो विचारते, मी नाई म्हणतो."

वंदनानं पर्स परत खाली ठेवली. नोव्हेंबरात माय दोन दिवस जेवत नाही, हे तिला माहीत होतं. थंडी बाधते म्हणून, असं ती समजत होती.

अनुजाताई हसली नाही, हे तिचे उपकार. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली.

"काकू, बाबू विचारतो ते केवलराम गेल्यानंतरचं. ते गेल्यावर तुम्ही कोणाशी लग्न केलंत का, एवढंच. केलंत?"

"अवं का बोलता! या वयात!"

"मग तुम्ही एकदाही खोटं बोलला नाहीत. आणि केवलरामांशी लावलेला पाट, तो तर पेन्शनचं कारण आहे. तो लग्न आहे म्हणून तुम्ही त्यांच्या पत्नी, आणि पत्नी म्हणून पेन्शन. प्लांटच्या कागदावर काय लिहिलंय, कधी वाचलंत?"

शकुबाईनं वाचलं नव्हतं. वाचता येत होतं, पण वाचायची भीती होती. घरी गेल्या गेल्या तिनं पेटी उघडली आणि उन्नतीला तो पिवळा पडलेला कागद वाचायला दिला.

"पत्नी," उन्नती म्हणाली. "इथे लिहिलंय. 'पत्नी, शकुबाई केवलराम.' आजोबांची साइन आहे खाली. का झालं आजी?"

शकुबाईला वाटायचं केवलरामनं कोणाच्या तरी हातापाया पडून ते लिहून घेतलं असेल. त्यानं काहीच केलं नव्हतं. जे होतं ते लिहिलं होतं. आणि सगळ्या जगात त्या एका माणसाला पहिल्यापासून माहीत होतं, म्हणून तर तो भरल्या पानावरून उठला होता. शकुबाई पेटीशेजारी फतकल मारून बसली आणि मनसोक्त रडली. पोटगी बंद होणार म्हणून ती रडते आहे असं समजून शेजारीण धीर द्यायला आली, तिला शकुबाईनं रडता रडताच चहा टाकायला लावला.

संध्याकाळपर्यंत तिचा आवाज परत जागेवर आला होता. "पाट दिवसा लावायचा," तिनं जाहीर केलं. "उजेडात. अक्तीच्या दिवशी. अन् बाजा पायजे."

"माय, पाटाले कोणी बाजा लावते का?"

"मी लावतो. लग्न आहे ते. वकीलबाईनं सांगितलं."

कोर्टाचे कागद वेळेत झाले. वंदनानं प्रशांतला फोन केला तेव्हा त्यानं "चांगला माणूस आहे ना?" एवढंच विचारलं. उन्नतीची रक्कम वाढवायला तो हो म्हणाला. लग्नाच्या सगळ्या वर्षांत दोघांचं जे जमलं नव्हतं, ते त्या पाच मिनिटांत जमलं. कधीकधी असंही होतं.

अक्तीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भिलाईत ऊन भाजून काढत होतं. अंगणात कापडी मंडप, दोन पाट, तेजरामचा तोच इस्त्रीचा सदरा आणि गल्लीच्या तोंडाशी ढोल-मोहरीचा गडवा बाजा. ढोल असा वाजला की समोरच्या घरातले लोक जेवण टाकून बाहेर आले. आमगावहून थोरली जाऊ आली होती, आता ऐंशीची, काठी टेकत. शकुबाईनं पहाटे उठून स्वतः हळद वाटली होती. वाटी घेऊन ती वंदनाकडे निघाली तसे सगळे वळून बघायला लागले, कारण पाटाची आणि त्यातून विधवा, असा दुहेरी विटाळ त्या हाताला होता. जावेनं तोंड उघडलं.

"जाऊबाई," शकुबाई वळून म्हणाली, आवाज तोच, अगदी गोड, "पहिले मी लावतो. मंग तुम्ही."

आणि तिनं लेकीच्या दोन्ही गालांना हळद लावली. भरपूर लावली, जरा जास्तच. म्हाताऱ्या जावेनं काठी उन्नतीकडे दिली, वाटीत बोटं बुडवली आणि पुढे झाली. तिलाही बहुतेक बरंच वाटलं असावं. कोणाचा तरी हात अडवून धरायचा म्हणजे आपलाही हात दुखतोच.

नोव्हेंबर आला. शकुबाई नेहमीप्रमाणे ऑटोनं सिव्हिक सेंटरला गेली. त्या दिवशी ती पोटभर पोहे खाऊन निघाली होती. बँकेत रांग होती, काउंटरमागे अमरदीप नावाचा नवा बाबू होता, घाईतला. तिनं अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला.

"अम्मा, पुनर्विवाह तो नहीं किया?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"किया ना, बेटा," शकुबाई म्हणाली.

अमरदीपनं मान वर केली. रांगेतल्या दोन म्हाताऱ्याही पुढे सरकल्या.

"केवलराम से किया. पाट लगाया था, पक्का वाला. उसके बाद किसी से नहीं किया." तिनं पदर सारखा केला. "मन ही नहीं हुआ."

बाबू हसला, त्यानं "नहीं" वर खूण केली आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला. शकुबाईनं सही केली, सावकाश, पूर्ण नाव. केवलरामचं नाव जरा मोठ्या अक्षरात.

बाहेर आल्यावर सवयीनं तिनं नारळ घेतला. ऑटोत बसल्यावर लक्षात आलं की मारुतीला सांगण्यासारखं यंदा काही नाही. तो नारळ तिनं घरी आणला. वंदना आणि तेजराम जेवायला येणार होते. त्यांच्यासाठी फोडला आणि चटणीत घातला.